गाळात राहिलेला पारा

उल्हास नदी आमच्या मीरा-भाईंदरला दोनदा भेटते, एकदा नळातून आणि एकदा खाडीतून. नळाचं पाणी शहाड आणि जांभूळकडे, नदीच्या मधल्या टप्प्यात उचलतात, गाळून, क्लोरीन घालून मोठ्या जलवाहिन्यांतून आमच्यापर्यंत आणतात. तीच नदी पुढे कल्याण, डोंबिवली, भिवंडी, ठाणे अशी सगळ्यांच्या दारावरून जाते, घोडबंदरला वळसा घालते आणि भाईंदर-नायगावच्या रेल्वेपुलांखालून समुद्राला मिळते. या दोन भेटींच्या मधे चाळीसेक किलोमीटर पाणी आहे. त्या पाण्यात गेल्या पाऊणशे वर्षांत काय मिसळलं आणि ते माशांच्या अंगात कसं उतरलं, हा माझ्या मते आमच्या शहराचा सगळ्यात दुर्लक्षित इतिहास आहे. शहराच्या स्मरणिकांत घोडबंदरचा किल्ला असतो, १७३९ ची वसईची मोहीम असते, १९८५ ची नगरपरिषद आणि २००२ ची महानगरपालिका असते. मासा कुठेच नसतो.

मी राई गावची. भाईंदर पश्चिमेला मुर्धा, राई, मोर्वा ही आम्हा आगऱ्यांची गावं एकाच रस्त्यावर ओळीने आहेत. वडील दिवाळीनंतर मिठागरात जायचे ते पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच असायचे. पावसाळ्यात खाजणातलं भात आणि हाताशी लागेल तो मासा. मी पुढे प्राणिशास्त्र शिकले आणि निवृत्तीपर्यंत अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे मासा मला दोन बाजूंनी माहीत आहे, कालवणातला आणि टेबलावर कापून मुलांना दाखवलेला.

आमच्या घरी मासे दोन पाण्यांचे असायचे. खाडीची निवटी, बोय, चिवणी, चिंबोरी, आणि कधी नशीब उघडलं तर जिताडा. गोड्या पाण्याची मरळ, शिंगी, खवली. निवटी साफ करायला आई बसली की तिच्या हाताला गाळाचा वास दिवसभर राहायचा. ती म्हणायची, ‘चिचेशिवाय निवटीचा कालवन होत नाय.’ पण खरा सण पहिल्या पावसाचा. मृगाच्या आगेमागे दोन-चार मोठ्या सरी पडल्या, ओढे खाजणात उतरले, की मासे पाण्याच्या उलट्या दिशेने वर चढायला लागायचे. याला वलगण म्हणतात. गाबोळीने भरलेली चिवणी त्या वेळी घमेल्याने मिळायची. पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळी कंदील घेऊन बांधावर. मासा खाडीतून गोड्या पाण्यात अंडी घालायला येतो हे मला पुस्तकाने सांगायच्या कितीतरी आधी बांधावर उभ्या असलेल्या बायकांनी सांगितलं होतं.

ही चढण लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत तिचा संबंध आहे. गोडं पाणी आणि खारं पाणी यांच्यात माणसाने नकाशावर रेघ मारली. मासा ती मानत नाही. कल्याणच्या वर नदीत जे घडतं त्याचा हिशेब भाईंदरच्या खाडीत लागतो, आणि खाडीत साचलेलं पुन्हा वर चढतं.

धातू या खाडीला नवा नाही. कल्याण हे फार जुनं बंदर. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात तांब्या-पितळेचा माल, शिसवीची लाकडं आणि कापड यांची नोंद केली आहे. समुद्रातून त्या बंदराकडे जाणारी एक वाट वसईच्या खाडीचीच, म्हणजे धातूने भरलेली गलबतं आमच्या गावाच्या समोरून गेली असणार. कल्याणातल्या लोहाराने दिलेल्या दानाचा उल्लेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला आहे. पण त्या काळचा धातू भांड्यात, घंटेत, नांगराच्या फाळात राहायचा. पाण्यात विरघळून माशाच्या रक्तात जाईल असा धातू विसाव्या शतकाने आणला.

१९४६ साली कल्याणजवळ मोहने-आंबिवलीला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनची स्थापना झाली. पंचक्रोशीत तिला सगळे एनआरसी म्हणत. पुढच्या दहा वर्षांत शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. मधल्या काळात, १९४९ मध्ये, फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीचं उल्हासनगर झालं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि अंबरनाथ, डोंबिवली, बदलापूर इथे रसायनांच्या वसाहती वसल्या. नवा देश कापडासाठी, टायरच्या दोऱ्यासाठी, औषधांसाठी परदेशाच्या तोंडाकडे बघत होता. तो माल इथे बनू लागला याचा अभिमान त्या पिढीला होता आणि तो खोटा नव्हता. ठाणे जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या चुली या कारखान्यांवर पेटल्या.

पण रेयॉन कसं बनतं ते पाहायला हवं, नाहीतर पारा कुठून आला हे कळत नाही. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, आणि तयार झालेला दाट द्रव बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडतात. तिथे त्याचा धागा होतो. त्या कुंडात गंधकाम्लाबरोबर झिंक सल्फेट असतं, म्हणजे जस्त. धागा धुतला की थोडं जस्त धुवणाच्या पाण्याबरोबर निघतं. आणि कॉस्टिक सोडा कशापासून करतात? मिठापासून. माझे वडील उन्हात जे पिकवायचे त्याच मिठाचं पाणी करून त्यातून वीज सोडली की क्लोरीन सुटतो आणि सोडियम मागे राहतं. हे सोडियम धरून ठेवण्यासाठी त्या काळच्या पद्धतीत पाऱ्याचा वाहता थर वापरत. पाऱ्याने धरलेलं सोडियम पाण्यात सोडलं की कॉस्टिक तयार, पारा पुन्हा कामाला मोकळा. १८९२ च्या सुमारास शोधलेली ही पद्धत पुढे जगभर चालत होती.

पारा पुन्हा पुन्हा वापरायचा असल्यामुळे कागदावर तो खर्चच होत नाही. प्रत्यक्षात थोडा मिठाच्या गाळाबरोबर जातो, थोडा धुवणात, थोडा हवेत. दर टनामागे थोडासाच. पण टन रोजचे आणि वर्षं अनेक.

एनआरसी उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या मधे होती. कारखान्याला पाणी उल्हासचं, सांडपाण्याची वाट काळूकडे. काळू माळशेजच्या डोंगरातून येते, टिटवाळ्यावरून वाहत कल्याणजवळ उल्हासला मिळते. मुंबईच्या विज्ञान संस्थेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बी. सी. हलदर यांनी आंबिवली परिसरात काळूचा अभ्यास केला. नदीत पारा आणि शिसं वाढलेलं सापडलं, काठावरच्या वनस्पतीतही ते होतं, आणि त्या वनस्पती गुरं खात होती. लोकांना वास आणि रंग कळतो, पारा कळत नाही. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. मोजल्याशिवाय तो नसतोच, आणि मोजायला प्रयोगशाळा लागते. म्हणून हलदरांसारख्या माणसांचं ऋण या खोऱ्याने मानायला हवं. नदीकाठच्या गावांकडे शब्द नव्हता अशा गोष्टीला त्यांनी आकडा दिला.

आमच्या पाठ्यपुस्तकात मिनामाटा होतं. जपानच्या मिनामाटा गावात चिसो कंपनीचा पारा समुद्रात गेला, मासे खाणारी माणसं आणि मांजरं झटके येऊन मेली, १ मे १९५६ ला त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. आणखी बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, सरकारने कारण मान्य केलं. त्याच वर्षी जपानमधल्याच जिंझू नदीकाठच्या हाडं ठिसूळ करणाऱ्या आजाराचा संबंध कॅडमियमशी जोडला गेला. मुलं हे पाठ करून परीक्षेत लिहायची. काळू पुस्तकात नव्हती. ती मी फळ्यावर काढायचे: माळशेज, टिटवाळा, कल्याण, ठाणे, घोडबंदर, आणि शेवटी आपलं स्टेशन. मिनामाटा कुठे आहे हे मुलांना माहीत होतं. काळू कुठे आहे हे त्या वेळी वर्गातल्या एखाद्यालाच, तेही टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आलेल्याला.

आता माशाच्या अंगात काय होतं ते सांगते. इथे मला घाई करायची नाही.

बाजारात आम्ही बायका माशाचा कल्ला उचलून बघतो. लाल असला तर ताजा. पण कल्ला म्हणजे नुसतं श्वासाचं इंद्रिय नव्हे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त त्याच्या भोवतीच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सारखं अंगात शिरत राहतं आणि मीठ सारखं बाहेर पाझरत राहतं. समुद्रातला मासा पाणी पितो. गोड्या पाण्यातला जवळजवळ पीत नाही, उलट भरपूर लघवी करून पाणी बाहेर टाकतो, आणि गमावलेलं सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम कल्ल्यातल्या खास पेशींनी पाण्यातून रात्रंदिवस ओढून घेतो. हा पंप थांबला तर मासा जगत नाही. जड धातूंचा घाव नेमका इथे बसतो. तांबं सोडियम ओढणाऱ्या विकराला निकामी करतं. कॅडमियम तर आकाराने आणि भाराने कॅल्शियमसारखं असल्याने, दुसऱ्याच्या ओळखपत्रावर कुणी फाटकातून आत शिरावं तसं, कॅल्शियमच्या दारातूनच आत जातं. जस्तही त्याच दाराशी गर्दी करतं. माशाच्या रक्तातलं कॅल्शियम घटतं. पाणी मऊ असेल, म्हणजे त्यात स्वतःचं कॅल्शियम कमी असेल, तर हा मार आणखी जोरात बसतो. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून धो-धो पावसात उतरणारं पाणी असंच मऊ असतं.

कल्ला स्वतःला वाचवायला चिकट स्राव सोडतो. कल्ल्याच्या पातळ पापुद्र्यांवर तो थर चढतो, पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात. प्राणवायूला पाण्यातून रक्तात जायला जे अंतर कापावं लागतं ते वाढतं. आमच्या नद्यांत मैलापाण्यामुळे प्राणवायू आधीच कमी. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. लोक म्हणतात गुदमरला, आणि ते खरंच असतं. पण अर्धा गुदमरलेला मासा आधीपासून धातूने दुबळा झालेला असतो हे त्या दिवशीच्या पाण्याच्या नमुन्यात दिसत नाही.

शिसं रक्त बनवणाऱ्या एका विकराला अडवतं. शिशाच्या पाण्यात वाढलेल्या माशांचा कणा वाकडा होतो, कॅडमियमनेही होतो. तांबं अगदी थोडं असलं तरी माशाचं नाक बधिर करतं, आणि हे मला सगळ्यात क्रूर वाटतं. रोहू, खवली यांच्या कुळातल्या माशांच्या कातडीत एक द्रव्य असतं. एखाद्याला जखम झाली की ते पाण्यात पसरतं आणि बाकीचा थवा पळ काढतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३० च्या दशकात हे शोधलं, मधमाश्यांचं नृत्य उलगडणारे तेच शास्त्रज्ञ. नाक बधिर झालेल्या माशाला हा इशारा पोचत नाही. तो दिसायला धडधाकट, वजनाला चांगला, कल्ला लालभडक. फक्त धोका आला तर त्याला कळत नाही.

शरीर प्रतिकार करतं. यकृत आणि मूत्रपिंडात मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन असतं, ते धातूला मिठी मारून बसतं आणि त्याला इकडेतिकडे फिरू देत नाही. पण ते बनवायला ताकद खर्च होते. ती ताकद अंड्यांची असते, वाढीची असते. अंडी कमी, पिल्लं अशक्त. आणि सगळ्यांत नाजूक अवस्था अंड्याची आणि नुकत्या फुटलेल्या पिल्लाचीच. आता ती वलगण आठवा. पहिल्या पावसाचं पाणी आठ महिन्यांची रस्त्यांची, नाल्यांची, गोदामांच्या अंगणांची धूळ घेऊन येतं, आणि मासे नेमके त्याच दिवसांत, त्याच पाण्यात अंडी घालायला चढतात.

म्हणून मासे मेल्याच्या बातम्यांवर नदीचा इतिहास लिहिता येत नाही. मेलेले मासे वर तरंगतात, फोटो निघतात, दोन दिवस चर्चा होते. न जन्मलेल्या माशांचा फोटो निघत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ते कुठल्या एका वर्षाकडे बोट दाखवत नाहीत. ‘हलूहलू कमी झाली’ एवढंच म्हणतात. धातूचं काम असंच असतं.

पाऱ्याचं प्रकरण याहून वेगळं आहे, आणि ते थेट आमच्या दाराशी येतं. पारा जड असतो, गाळाच्या कणांना चिकटतो. नदी त्याला सरळ समुद्रात नेऊन टाकेल असं कुणालाही वाटेल. पण कल्याणपर्यंत भरतीचं पाणी चढतं. ओहोटीने खाली नेलेला गाळ भरती परत वर ढकलते. मधल्या पट्ट्यात, जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं, तिथे बारीक माती गोळा होऊन खाली बसते. दोन्ही काठांना तिवरं, त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडतो. खाडी म्हणजे आत-बाहेर करणारं पाणी, आणि अशा पाण्यात जड वस्तू निघून जाण्यापेक्षा थांबतेच जास्त. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतला गाळ तपासला तेव्हा हेच दिसलं. पारा वरच्या, आतल्या भागातल्या गाळात जास्त, मुखाकडे येताना कमी होत जाणारा.

त्या गाळात प्राणवायू नसतो. कुजलेला पाला, मैला भरपूर, आणि भरतीने आणलेल्या समुद्राच्या पाण्यात सल्फेट. सल्फेटवर जगणारे जिवाणू इथे फोफावतात. उधाण उतरल्यावर खाडीला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्यांचाच. १९६९ साली येन्सेन आणि येर्नेलॉव या स्वीडिश संशोधकांनी दाखवलं की गाळातले सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करू शकतात. आज आपल्याला माहीत आहे की या कामात सल्फेटवर जगणारे हे जिवाणू आघाडीवर आहेत. साधा पारा माशाच्या अंगातून बराचसा निघून जातो, मिथिल पारा राहतो. किडा गाळ खातो, छोटा मासा किडा खातो, मोठा मासा छोट्याला, आणि दर पायरीला प्रमाण वाढत जातं. पाण्यात पारा मोजायला गेलं तर जेमतेम सापडावा, आणि मोठ्या शिकारी माशाच्या मांसात तो पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी असावा, असं जगात अनेक ठिकाणी दिसलं आहे. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मिथिल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम. नुसतं पाणी तपासून समाधान मानणाऱ्या कुणालाही या दोन आकड्यांतलं अंतर पुरेसं बोलकं वाटावं.

आपल्याकडच्या संशोधकांनी या प्रश्नाकडे डोळेझाक केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९८१ मध्ये झिंगडे आणि देसाई यांचा ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध आला. १९९१ मध्ये आठल्ये आणि गोखले यांनी त्याच खाडीच्या चिखलातल्या किड्यांमधले जड धातू मोजले. १९९९ मध्ये कृष्णमूर्ती आणि नायर यांनी ठाणे आणि वसई, दोन्ही खाड्यांतल्या माशांच्या अंगातल्या धातूंवर लिहिलं, आणि त्याच वर्षी लोखंडे आणि केळकर यांनी वसई खाडीच्या पाण्यातल्या जड धातूंवर. वसईची खाडी म्हणजे आमची भाईंदरची खाडी, फक्त पलीकडच्या काठाच्या नावाने ओळखली जाणारी. हे सगळं इंग्रजी नियतकालिकांत छापलं गेलं. राईच्या, घोडबंदरच्या, पाणजूच्या घरांत त्यातलं एक पानही पोचलं नाही. मराठीत कुणी आणलंच नाही.

कायदेही होते. देशाचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने त्याच्या पाच वर्षं आधी, १९६९ मध्ये स्वतःचा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापलं. २००३ साली केंद्राने कॉस्टिकच्या कारखान्यांना पाऱ्याची पद्धत सोडायला २०१२ पर्यंतची मुदत दिली. मिनामाटाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ चा, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. उल्हासच्या प्रदूषणावर वनशक्ती ही संस्था हरित लवादाकडे गेली, आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी केंद्रं आणि स्थानिक संस्थांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा बोजा टाकला. हे सगळं महत्त्वाचं होतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय पुढे वाहून येणाऱ्या पाण्याबद्दल होता, आधीच बसलेल्या गाळाबद्दल नव्हता.

सगळा दोष वरच्या अंगाच्या शहरांवर टाकून आम्हाला मोकळं होता येणार नाही. भाईंदर स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. पूर्वेला औद्योगिक गाळ्यांच्या ओळी आहेत, पत्रा कापणं, ठोकणं, आम्लात धुणं, चकाकी देणं. स्टेनलेस स्टीलच्या ज्या पत्र्याला बाजारात १८-८ म्हणतात त्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. आम्लाच्या धुवणात यातलं थोडं उतरतं. ते धुवण नीट उदासीन करून गाळ वेगळा काढला तर ठीक, नाहीतर नाला आणि नाल्यापुढे खाडी. आमच्या गावतळ्यांचंही तेच. गोडदेव, नवघर, राई, मुर्धा, प्रत्येकाचं आपलं तळं. वर्षानुवर्षं गणपतीच्या मूर्तींवरच्या रंगातलं शिसं आणि इतर धातू या बंद पाण्यात उतरत राहिले, आणि तळ्याला ना भरती ना ओहोटी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाचे नियम आखले, २०२० मध्ये ते कडक केले, कृत्रिम हौद आले. हे मला फार मोलाचं वाटतं. बाप्पा शाडूचे आणि साध्या रंगाचे आणायला घराघरांतली मुलं आईवडिलांना भाग पाडतात, हे मी माझ्या वर्गांतून पाहिलं आहे.

आज भाईंदरच्या बाजारात उत्तनच्या दर्याचे मासे येतात, आंध्रच्या तलावांतले रोहू-कटला येतात. खाडीचा मासा बाजारात फार दिसत नाही, पण तो खाल्ला जातो. चेणे-वर्सोव्याकडच्या पाड्यांवरच्या बाया तिवरांत चिंबोऱ्या काढतात. खाडीकाठची कुटुंबं निवटी, बोय घरापुरती पकडतात. ज्यांच्या ताटात दुसरं काही पडत नाही त्यांच्याच ताटात हा मासा पडतो. ‘खाऊ नका’ म्हणणं सोपं आहे, पण ज्याला ते सांगायचं त्याच्या हाती दुसरं काय द्यायचं हेही सांगायला हवं. आणि आधी हे तर कळायला हवं की त्यांच्या माशात आज किती काय आहे.

एनआरसी नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं ताटकळले, वसाहत ओस पडली, पुढे कारखान्याच्या इमारती पाडल्या गेल्या. गाळ मात्र कुठे जात नाही. त्यावर नवा गाळ बसतो, आणि जोवर कुणी खणत नाही तोवर खालचा बराचसा खालीच राहतो.

आणि आता खणायची वेळ आली आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा ५३ क्रमांकाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली, आणि लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला पाण्याची वाट मिळतेय याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत मीठ आणि माणसं याच पाण्यावरून जायची. पण मोठ्या बोटींना खोल पाणी लागतं आणि खोलीसाठी गाळ उपसावा लागतो. तळातला तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा गाळ वर आला की त्याला पुन्हा प्राणवायू, पुन्हा प्रवाह, पुन्हा जिवाणू आणि पुन्हा मासे भेटतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी सही करून महानगरपालिकेला, सागरी मंडळाला आणि प्रदूषण मंडळाला पाठवली आहे. कल्याणपासून भाईंदरपर्यंत जिथे जिथे उपसा होणार तिथे आधी नळी घालून गाळाचे उभे नमुने काढा, थराथरातला पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम मोजा, आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार ते आधी सांगा. तिवरांत किंवा खाजणात टाकू नका. वर्षातून दोनदा, वलगणीच्या आधी आणि दिवाळीनंतर, खाडीतली निवटी, बोय आणि चिवणी यांचं मांस, यकृत आणि कल्ले तपासा. आकडे मराठीत, धक्क्यावर आणि मासळी बाजारात, मोठ्या अक्षरांत लावा. नमुने गोळा करायला बारावीची मुलं येतील. त्यांना मासा कापता येतो, कल्ला ओळखता येतो, आणि काळू कुठे आहे हेही माहीत आहे.